पोर्टफोलिओ पाहणाऱ्याला वाट सापडू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

निकालांचे दिवस आले की करिअरविषयक पुरवण्यांमध्ये ग्राफिक डिझायनर होऊ पाहणाऱ्यांसाठी एक सल्ला हमखास छापून येतो : 'स्वतःचा ऑनलाइन पोर्टफोलिओ तयार करा.' पोर्टफोलिओ म्हणजे आपली निवडक कामं दाखवणारं संकेतस्थळ. सल्ला रास्त आहे, पण तो कसा तयार करायचा हे सांगायच्या आत लेख संपतो. मग उपयोजित कलेची मुलं एखादी तयार थीम, म्हणजे संकेतस्थळाचा आयता साचा, उचलतात, तिच्यात चार वर्षांचं सगळं काम ओततात आणि लिंक व्हॉट्सॲपवर धाडून उत्तराची वाट पाहत बसतात. यातल्या पुष्कळांचं काम चांगलं असतं. पाहणारा त्या कामापर्यंत पोचतच नाही, ही खरी अडचण आहे.

पाहणारा म्हणजे कोण, इथून सुरुवात करू. जाहिरात संस्थेतला कला दिग्दर्शक, पुस्तकाचं मुखपृष्ठ करून घेणारा प्रकाशक किंवा मसाल्याचं नवं पाकीट बाजारात आणणारा उद्योजक. तो बहुतेक वेळा फोनवर, दोन कामांच्या मधे लिंक उघडतो. त्याला एवढंच हवं असतं : हा माणूस नेमकं काय करतो, मला हवं तसलं काम याने केलंय का, आणि याला गाठायचं कसं. त्यामुळे पहिल्या पानावर वरच नाव, गाव आणि एक सरळ वाक्य हवं. 'पुण्यात राहून खाद्यपदार्थांची वेष्टनं, बोधचिन्हं आणि मराठी पुस्तकांची मुखपृष्ठं करतो' हे वाक्य चालतं. 'रंगांतून स्वप्नं विणणारा कलंदर' वाचून कुणालाच काही कळत नाही, आणि असली वाक्यं आम्ही इतकी वाचली आहेत की आता कलंदरांची मोजदाद सोडून दिली आहे.

त्या वाक्याखाली लगेच कामं. सहा ते आठ पुरेत. चाळीस ठेवली तर पाहणारा स्वतः निवडत बसत नाही, पहिली चार बघून बंद करतो, आणि ती चार पहिल्या वर्षाची निघाली की संपलं. सर्वांत चांगलं काम पहिलं, त्याच्या खालोखालचं शेवटचं, बाकीची मधे. जसलं काम पुढे मिळावंसं वाटतं, तसलंच दाखवावं. लग्नपत्रिका करायचा कंटाळा आला असेल, तर पत्रिका कितीही सुरेख जमली असली तरी ती काढा, नाहीतर चौकशा पत्रिकांच्याच येतील. बोधचिन्ह, वेष्टन, मुखपृष्ठ अशा प्रकारवार चाळण्या लावायची हौस पुष्कळांना असते. आठ कामांना चाळणी लावली तर प्रत्येक खणात दोन-तीनच उरतात आणि दुकान रिकामं दिसतं. बारा-पंधराच्या वर कामं गेली तरच त्या वाटेला जावं.

मेनूत तीन शब्द : कामं, परिचय, संपर्क. 'प्रवास', 'अड्डा', 'चला गप्पा मारू' अशी नावं ठेवली तर आत काय आहे हे दाबून बघितल्याशिवाय कळत नाही, आणि घाईतला माणूस दाबत नाही. तीनच शब्द असताना ते तीन आडव्या रेघांच्या चिन्हाआड दडवायचं तर काहीच कारण नाही. ३६० पिक्सेल रुंदीच्या साध्या फोनवरही ते एका ओळीत मावतात. डावीकडचं नाव किंवा चिन्ह दाबलं की पहिलं पान उघडलंच पाहिजे, आपण आत्ता कोणत्या पानावर आहोत तो शब्द मेनूत वेगळा दिसला पाहिजे, आणि ही पट्टी सगळ्या पानांवर एकाच जागी हवी. बोटाने दाबायच्या जागेची उंची अ‍ॅपल ४४ आणि अँड्रॉइड ४८ एककं सुचवतं. ती पाळली तर 'परिचय' दाबताना 'संपर्क' उघडत नाही.

आता सर्वाधिक आढळणारी चूक. छोट्या चित्रांच्या जाळीवर माउस नेला की चित्र काळवंडतं आणि मग कामाचं नाव उमटतं, अशी रचना थीमवाल्यांची फार लाडकी. फोनवर माउस नसतो. तिथे नाव एकतर कधीच दिसत नाही, किंवा पहिल्या स्पर्शाला नाव आणि दुसऱ्या स्पर्शाला पान असा घोळ होतो. चित्राखाली कायम दिसेल असं नाव आणि कामाचा प्रकार लिहा : 'हापूसचा खोका, वेष्टन, २०२४'. एवढं केलं तरी निम्मी घुसमट कमी होते.

दुसरी चूक चित्र मोठं करून दाखवणाऱ्या खिडकीची. चित्र दाबलं, ते पडदाभर झालं. आता पाहणारा सवयीने फोनचं 'मागे' बटण दाबतो. खिडकी नीट बांधलेली नसेल तर ती बंद होण्याऐवजी अख्खं पानच मागे जातं, आणि पुष्कळदा माणूस थेट व्हॉट्सॲपवर जाऊन पडतो. तो परत येत नाही. ही खिडकी टाळता येत असेल तर टाळा, चित्रं पानातच मोठी ठेवा. पान सरकवण्याचा वेग आपल्या हातात घेणारी ती 'सिनेमॅटिक' करामतही टाळा. बोट एकीकडे आणि पान दुसरीकडे असं झालं की डोकं दुखतं. आपोआप सरकणाऱ्या चित्रपट्टीतलं तिसरं-चौथं चित्र फारसं कुणी पाहत नाही, म्हणून महत्त्वाचं काम तिच्यात घालू नये. सुरुवातीला चिन्ह फिरत फिरत अवतरणारा पडदा तर वेबवर हलती चित्रं दाखवणाऱ्या फ्लॅशच्या जमान्यातला आहे. फ्लॅश २०२० अखेर बंद पडलं, पडदा मात्र अजून उघडतोच आहे.

प्रत्येक कामाचं स्वतंत्र पान असावं आणि त्याला स्वतंत्र, छोटा, वाचता येणारा पत्ता असावा. म्हणजे क्लायंटला 'वेबसाइट बघा, खाली जा, तिसरं चित्र' असं सांगावं लागत नाही, थेट त्या पानाची लिंक देता येते. पान संपतं तिथे दोन दुवे हवेत : 'पुढचं काम' आणि 'सगळी कामं'. बहुतेक ठिकाणी पान संपलं की भिंत लागते, आणि वाचणाऱ्याला पुन्हा वर सरकत जावं लागतं. 'पुढचं काम' एवढंच न लिहिता पुढच्या कामाचं नाव लिहिलं तर आणखी बरं.

अशा पानावर काय असावं, ते एका उदाहरणाने सांगतो. समजा, देवगडच्या बागायतदारासाठी दोन डझन आंब्यांचा पुठ्ठ्याचा खोका केला आहे. पहिलं चित्र तयार, छापून आलेल्या, भरलेल्या खोक्याचं, पानाच्या पूर्ण रुंदीचं. इंटरनेटवरून उतरवलेल्या मॉकअपवर, म्हणजे आयत्या नमुना-छायाचित्रावर, चिकटवलेलं नको. तोच लाकडी टेबल आणि तीच खिडकीतली उन्हाची तिरीप पाहणाऱ्याने आधी दहा ठिकाणी पाहिलेली असते. त्याखाली साठ-सत्तर शब्द : गिऱ्हाइकाला काय हवं होतं, अडचण काय होती, तुम्ही काय केलंत. इथे अडचण लिहिण्याजोगी असते. पन्हळी पुठ्ठ्यावर फ्लेक्सो पद्धतीने (लवचिक ठशांनी) दोनच रंगांत छपाई व्हायची. शाई पसरते, बारीक रेघा जाड होतात, 'क्ष' आणि 'ह्म'सारख्या अक्षरांतल्या पोकळ्या बुजतात. म्हणून अक्षराचं वळण मोकळं घेतलं, उलट छपाईतली (रंगात कोरी सोडलेली) बारीक अक्षरं काढून टाकली, दोन रंग एकमेकांना भिडतात तिथे थोडी जागा एकमेकांवर चढवली. हे वाचल्यावर पाहणाऱ्याला कळतं की या माणसाला छापखाना ठाऊक आहे. मग खोक्याच्या दोन बाजू, कापाचा आणि घडीचा आराखडा, एका कोपऱ्याचं अगदी जवळून घेतलेलं छायाचित्र, आणि हवं तर नाकारलेला एखादा पर्याय. पाच ते आठ चित्रांत हे सगळं बसतं. शेवटी श्रेयाची ओळ : छायाचित्र कुणाचं, मजकूर कुणाचा, टाइप कोणता, आणि चमूत असाल तर तुमचा वाटा नेमका किती. पूर्ण मोहिमेवर आपलंच नाव लावणाऱ्याची मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला पंचाईत होते.

चित्रांचा आकार हा छपाईतून आलेल्या डिझायनरचा दुखरा मुद्दा आहे. ३०० डीपीआयची (इंचाला ३०० ठिपक्यांची) ए-३ फाइल म्हणजे ३५०८ बाय ४९६१ पिक्सेल. जेपीईजी करून ती दोन एमबीची झाली, की 'दोनच एमबी आहे' म्हणून ती तशीच चढवली जाते. पण फोनला ती दाखवण्यासाठी उलगडावी लागते, आणि उलगडल्यावर ती स्मृतीत जवळपास ७० एमबी जागा खाते. एका पानावर अशी दहा-बारा असली की स्वस्तातला फोन धापा टाकतो आणि पान मधेच पुन्हा पहिल्यापासून उघडतं. पडद्यावर डीपीआयला काही अर्थ नाही, मोजायचे ते पिक्सेल. संगणकासाठी सुमारे २००० पिक्सेल रुंद, फोनसाठी सुमारे १२०० पिक्सेल रुंद अशा दोन प्रती करा आणि कुणाला कोणती द्यायची ते ब्राउझरला ठरवू द्या. बऱ्याच तयार सेवा हे आपणहून करतात. वेबपी या हलक्या चित्रप्रकारात ७५ ते ८० दर्जाला साठवलं तर एक चित्र साधारण २०० ते ४०० केबीत बसतं. प्रत्येक चित्राची रुंदी-उंची कोडमध्ये लिहावी, नाहीतर चित्रं येतील तशी ओळी खाली ढकलल्या जातात आणि बोट भलत्याच दुव्यावर पडतं. खालची चित्रं गरज पडेल तेव्हा उतरतील अशी ठेवा, पण सगळ्यात वरच्या चित्राला ती सवलत लावू नका, कारण तेच आधी दिसायला हवं. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा, असा गूगलचा निकष आहे. पेजस्पीड इनसाइट्स या फुकट साधनावर पत्ता टाकला की कुठे अडकतंय ते समजतं.

रंगाचंही तसंच. छपाईसाठी सीएमवायकेत, म्हणजे चार शाईंच्या रंगपद्धतीत, केलेली फाइल जशीच्या तशी चढवली की काही ठिकाणी केशरी मळकट आणि हिरवा भडक दिसतो. आधी पडद्यासाठीच्या एसआरजीबी रंगपद्धतीत बदला, डोळ्यांनी तपासा, मगच साठवा. बोधचिन्हं एसव्हीजी या रेषांवर बेतलेल्या चित्रप्रकारात द्यावीत, मात्र त्यातली अक्षरं आधी वक्ररेषांत बदलून. नाहीतर पाहणाऱ्याकडे तो फॉन्ट नसतो आणि तुमचं बोधचिन्ह भलत्याच अक्षरांत अवतरतं.

आता देवनागरीकडे येऊ, कारण मराठीत काम करणाऱ्यांचं घोडं इथे पेंड खातं आणि इंग्रजी मार्गदर्शक याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. बहुतेक थीम रोमन लिपी समोर ठेवून बांधलेल्या असतात. मथळ्यातल्या अक्षरांत दोन-तीन पिक्सेल अंतर टाकायची त्यांना खोड असते. रोमनमध्ये ते रुबाबदार दिसतं. देवनागरीत शिरोरेषा तुटते आणि 'मुखपृष्ठ' हा शब्द दात पडल्यासारखा दिसतो. थीमच्या सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं दिसणं ठरवणाऱ्या कोडमध्ये, अक्षरांतलं अंतर शोधून ते शून्य करा. ओळींमधलं अंतर अक्षराच्या १.२ पट असेल तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना जाऊन टेकतात, आणि मेनूच्या अरुंद पट्टीत अनुस्वार चक्क कापले जातात. मजकुराला १.६ ते १.७ पट आणि मथळ्याला किमान १.३ पट ठेवा. मजकुराचा आकार १७-१८ पिक्सेलच्या खाली नेऊ नका. फिक्या करड्या अक्षरांचा मोहही आवरावा. पार्श्वभूमी आणि मजकूर यांच्यातला फरक किमान ४.५ला १ असावा, हा सुगम्यतेचा जागतिक निकष आहे. भर उन्हात रिक्षात बसून वाचणाऱ्यालाही तोच उपयोगी पडतो.

फॉन्टची फाइल हा आणखी एक खड्डा. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्ट रोमनपेक्षा जड असतात. 'मुक्त' किंवा 'बालू'सारखे मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचे खुले फॉन्ट विनामूल्य मिळतात. त्यातली दोनच वजनं, म्हणजे अक्षरांच्या दोनच जाड्या, घ्या आणि डब्ल्यूओएफएफ-२ या वेबसाठीच्या हलक्या प्रकारात वापरा. फाइलचा आकार घटवायला फॉन्टमधली 'नको असलेली' अक्षरं कापायची युक्ती कुणी सुचवली, तर जपून. जोडाक्षरं त्यात कापली गेली की 'क्त' आणि 'द्ध'ऐवजी पाय मोडलेली अक्षरं शेजारी शेजारी उभी राहतात. श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या फॉन्टमध्ये केलेला मजकूर कोरल या मांडणीच्या सॉफ्टवेअरमधून उचलून पानात टाकला तर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते, कारण त्या फॉन्टमध्ये मराठी आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असतात. तो आधी सगळीकडे चालणाऱ्या युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि 'ऱ्या', 'क्ष', 'ज्ञ' डोळ्यांत तेल घालून तपासा. बदलताना नेमकी तीच अक्षरं घसरतात. मजकुराचं चित्र करून टाकणं ही पळवाट आहे. चित्रातला मजकूर शोधयंत्राला भरवशाने वाचता येत नाही, पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या, अंध व्यक्तीच्या वाचक-प्रणालीलाही येत नाही.

पानाच्या कोडमध्ये 'मराठी' अशी भाषेची खूणही लावा. बहुतेक जण ती इंग्रजीच ठेवतात. मग वाचक-प्रणाली मराठी मजकूर इंग्रजी धाटणीने वाचू पाहते, आणि अक्षरांच्या रूपांवरही परिणाम होतो. मराठीतला पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' हिंदीतल्या रूपांहून वेगळे आहेत. राज्य शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयातही मराठीसाठी हीच रूपं दिली आहेत. काही फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतात आणि भाषेची खूण पाहून मराठी रूप आपोआप निवडलं जातं. अक्षररचनेचं काम मागणाऱ्या डिझायनरच्या पानावर हिंदी वळणाचा 'ल' दिसला तर जाणकार तिथेच थांबतो. मराठी आणि इंग्रजी अशी दोन्ही रूपं ठेवायची असतील, तर 'मराठी' आणि 'इंग्लिश' हे शब्दच वर लिहा, झेंड्यांची चित्रं नकोत, आणि भाषा बदलल्यावर माणूस त्याच कामाच्या पानावर राहिला पाहिजे, पहिल्या पानावर फेकला जाता कामा नये.

संपर्काचं पान साधं ठेवा. ईमेलचा पत्ता मजकुरात लिहा, चित्रात नको; चित्रातला पत्ता सहज उचलून चिकटवता येत नाही. फोन नंबर दाबला की फोन लागावा. नुसता पानावरच भरून पाठवायचा अर्ज ठेवून थांबू नका, कारण अर्जातून आलेली पत्रं स्पॅममध्ये जाऊन पडतात आणि डिझायनरला वाटतं, कुणी विचारतच नाही. दर महिन्याला स्वतःच एक अर्ज भरून बघावा. लिंक व्हॉट्सॲपवर पाठवल्यावर जे छोटं चित्र आणि शीर्षक दिसतं, तेही ठरवून ठेवता येतं : १२०० बाय ६३० पिक्सेलचं, हलकं चित्र. ते दिलं नाही तर कधी काहीच दिसत नाही, कधी थीम बनवणाऱ्या कंपनीचं चिन्ह दिसतं.

कामं दाखवण्याच्या परवानगीबद्दल मुलांना कुणी सांगत नाही. नोकरीत असताना केलेल्या कामाचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाचा. कॉपीराइट कायदा, १९५७, कलम १७ तसं सांगतं. स्वतंत्रपणे काम करणाऱ्याने दरपत्रकातच एक ओळ घालावी : 'काम प्रसिद्ध झाल्यानंतर ते नमुना म्हणून दाखवण्याची मुभा राहील.' बाजारात न आलेलं पाकीट पोर्टफोलिओवर झळकलं तर क्लायंट तर जातोच, शिवाय त्याच्या ओळखीचे चार जणही जातात. गोपनीय काम पासवर्डच्या आड ठेवता येतं, पण मग पासवर्ड कुणाकडे मागायचा ते तिथेच लिहिलेलं हवं.

सगळं झालं की तपासणी. या क्षेत्रातल्या नसलेल्या पाच जणांना आळीपाळीने फोन हातात द्या. तीन कामं सांगा : एखादं वेष्टन शोधा, तिथून दुसऱ्या कामावर जा, मला ईमेल कसा कराल ते दाखवा. मग गप्प बसा. 'अगं, वर बघ ना' असं म्हणायची अनिवार इच्छा ज्या जागी होते, ती जागा लिहून ठेवा आणि तेवढीच दुरुस्त करा. वायफाय बंद करून, मोबाइल डेटावर, जुन्यातल्या जुन्या अँड्रॉइडवर एकदा. मजकूर दुप्पट मोठा करून एकदा. संगणकावर माउस बाजूला ठेवून फक्त टॅब कळीने एकदा.

आणि डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा नावाचा पत्ता. ते स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवरून घ्यावं. साइट बांधून देणाऱ्या मित्राच्या खात्यात ते राहिलं तर मैत्री टिकेपर्यंत पत्ता टिकतो. दर वर्षी नूतनीकरणाची तारीख असते. ती चुकली तर पत्ता बंद पडतो आणि पुढे दुसऱ्या कुणाच्या हाती जाऊ शकतो. व्हिजिटिंग कार्डावर आणि छापून गेलेल्या पुस्तकाच्या श्रेयनामावलीत तो पत्ता तसाच राहतो, आणि तिथे भलतीच जाहिरात उघडते. एकदम तीन-चार वर्षांचे पैसे भरून ठेवले तर ही कटकट बरीच टळते.

पत्र लांबलं आहे. जागेअभावी छाटावंच लागलं, तर चित्रांच्या आकाराचा भाग छाटा, ते इतरत्रही वाचायला मिळेल. शिरोरेषेचा आणि डोमेनचा तेवढा ठेवा.

आपले,
अक्षररचना, छपाई आणि संकेतस्थळबांधणीच्या कामातले काही वाचक,
पुणे